‘दाते’ डेट होतात, ‘काटे’ केट होतात: इंग्रजी वाक्यातल्या मराठी आडनावाचा घोळ आणि त्यावरचे इलाज

‘तारीख अजून नक्की झालेली नाही’ आणि ‘दाते अजून नोकरीत कायम झालेले नाहीत’ ही दोन वाक्यं इंग्रजीत अक्षरशः एकच होऊ शकतात: ‘डेट इज नॉट येट कन्फर्म्ड’. दाते हे आडनाव रोमन लिपीत डी-ए-टी-ई असं लिहितात आणि वाक्यातला पहिला शब्द तसाही मोठ्या अक्षरानेच सुरू होतो. मग वाचणारा ज्या तंद्रीत असेल तसा अर्थ लावतो.

हा प्रश्न एकदा सुटला आणि संपला असं होत नाही. नवा ग्राहक आला, नवा सहकारी आला, साहेब बदलले की पुन्हा तेच. मोरे आडनावाच्या माणसाला कुणीतरी ‘मिस्टर मोअर’ म्हणणार, काटे आडनावाच्या चांगल्या मिशीवाल्या गृहस्थाला परदेशातून ‘डियर मिस केट’ असं पत्र येणार. आपण देवनागरीत विचार करतो म्हणून हा घोळ आपल्याला दिसत नाही. देवनागरीत मोरे म्हणजे मोरेच. म्हणून खाली जिथे गरज आहे तिथे स्पेलिंगची अक्षरं सुटी करून लिहिली आहेत; वाचताना ती डोळ्यांसमोर रोमनमध्ये आणा, नाहीतर निम्मी गंमत आणि निम्मी अडचण दोन्ही निसटतील.

तुमचं आडनाव यात बसतं का

सगळ्याच आडनावांना हा त्रास नाही. देशपांडे, गोखले, फडके, रानडे यांचा इंग्रजी वाचक उच्चार बिघडवतो, पण त्यांना दुसरा शब्द समजत नाही. ‘देशपांड’ म्हणाला तरी त्याला कळतं की हे कुणाचं तरी नाव आहे. त्यांना फक्त उच्चार सांगावा लागतो, आणि तो प्रश्न सोपा आहे.

खरी पंचाईत होते ती ज्यांचं आडनाव रोमनमध्ये गेल्यावर तयार इंग्रजी शब्द बनतं त्यांची. माने म्हणजे एम-ए-एन-ई, इंग्रजीत घोड्याची आयाळ. साने म्हणजे एस-ए-एन-ई, डोकं ठिकाणावर असलेला (हे त्यातल्या त्यात बरं). काळे म्हणजे के-ए-एल-ई, सध्या आरोग्यप्रेमी मंडळी सॅलडमध्ये घालतात ती केल नावाची पालेभाजी. गोरे म्हणजे जी-ओ-आर-ई, सांडलेलं, गोठलेलं रक्त. सावे म्हणजे संगणकावरचं ‘सेव्ह’. दिवे म्हणजे पाण्यात मारलेला सूर. साळवे म्हणजे एस-ए-एल-व्ही-ई, चक्क मलम. नामवंत वकील हरीश साळवे यांचं नाव ज्यांना आधीपासून ठाऊक नाही त्या परदेशी वाचकाला ते असंच दिसणार. रोजगार हमी योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे इंग्रजीत ‘पेज’ होतात. आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून लोकांसाठी उघडलेलं आणि १९७५ मध्ये लाडांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलेलं, त्याच्या पाटीवरचं एल-ए-डी इंग्रजाला ‘लॅड’ म्हणजे पोरगा असं वाचता येतं.

या सगळ्यांवर मात करणारं उदाहरण सोलापूरचं. दाते पंचांगाचं नाव रोमनमध्ये लिहा. पंचांग म्हणजे तिथी-वारांचं पुस्तक, आणि त्याच्या आधी डी-ए-टी-ई. मराठी न येणाऱ्या माणसाला ते आडनाव आहे हे कितीही समजावलं तरी पटत नाही.

ओळखायची खूण अशी: शेवटी ‘ई’ हे अक्षर, त्याआधी एकच व्यंजन, त्याआधी एकच स्वर. या साच्यात बसणारं आडनाव असेल तर ते शब्दकोशात एकदा बघून घ्या. लाड किंवा साळवे या साच्यात नेमके बसत नाहीत, पण अशी उदाहरणं थोडी आहेत.

मुळात असं होतं कशामुळे

इंग्रजीत या साच्यातला शेवटचा ई मुका असतो. तो स्वतः बोलत नाही, आधीच्या स्वराला ताणतो. म्हणून एम-ए-डी ‘मॅड’ आणि पुढे ई लागला की ‘मेड’. आपण मात्र तो ई ‘ए’ या मात्रेसाठी लिहितो. आपली रोमन लिहिण्याची पद्धत ही एकोणिसाव्या शतकात विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने रूढ झालेल्या हंटेरियन पद्धतीतून आली आहे. तिचं सूत्र थोडक्यात असं सांगतात: व्यंजनं इंग्रजीसारखी, स्वर इटालियनसारखे. इटालियन माणसाला डी-ए-टी-ई दाखवा, तो ‘दाते’च्या बराच जवळ जाईल. इंग्रज नाही जाणार.

या पद्धतीत दीर्घ ‘आ’ दाखवायला अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ द्यायची सोय आहे. रोजच्या वापरात ती रेघ कुणीच देत नाही. ळ आणि ल, ण आणि न यांच्यातला फरकही गळतो. त्यामुळे काळे यांच्या आडनावातून ‘आ’ची खूण गेली, ‘ळ’ची गेली, आणि राहिलेला ‘ए’ इंग्रजाने गिळला.

याआधीच्या काळातली स्पेलिंगं बघा, ती साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं तशी लिहिलेली असत. पुण्याचं पूना, शिंद्यांचं सिंदिया. आज ती विचित्र वाटतात, पण निदान वाचणाऱ्याचा शेवटचा स्वर तरी सुटत नसे. ठाकरे कुटुंबाचं प्रसिद्ध स्पेलिंग ए-वाय या जोडीने संपतं, त्यामुळे त्यांचा शेवटचा ‘रे’ जगात कुठेही शाबूत राहतो. सुरुवातीच्या ‘ठा’चा ‘थॅ’ होतो, ते सोडा.

हे दुखणं फक्त आपलं आहे असंही नाही. जपानमध्ये दाते हे जुनं सरदार घराणं आहे. सेंदाई शहर वसवणारा मासामुने याच घराण्यातला. १९९६ च्या विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत स्टेफी ग्राफशी खेळलेली किमिको दाते, तिचंही स्पेलिंग डी-ए-टी-ईच. आपले भारतरत्न पां. वा. काणे आणि इंग्लंडचा फुटबॉलपटू हॅरी केन रोमनमध्ये सख्खे भाऊबंद ठरतात. अमेरिकेचे १९९३ ते २००१ या काळातले उपराष्ट्राध्यक्ष अल गोर हे कुणा गोऱ्यांचे चुलतभाऊ वाटावेत असं स्पेलिंग लिहितात.

आणि २०२२-२३ च्या हंगामात जर्मनीच्या बायर्न म्युनिक संघात एक माने आणि एक साने एकत्र खेळत होते! सादियो माने आणि लेरॉय साने, दोघांचीही मुळं सेनेगलमधली. त्यांचा उच्चार समालोचक बरोबर करतात, कारण फ्रेंच वळणाने त्यांच्या शेवटच्या ई वर एक तिरपी रेघ असते. ती रेघ म्हणजे ‘हा ई मुका नाही’ अशी सूचना. आपल्यालाही ती उसनी घेता येईल का, हा पुढचा प्रश्न.

स्पेलिंग बदलावं का

माझं सरळ मत: नको. निदान कागदोपत्री नको.

तिरपी रेघ व्हिजिटिंग कार्डावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, मेलच्या खालच्या सहीत शोभून दिसते, तिथे खुशाल वापरा. पण पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत नावासाठी फक्त ए ते झेड ही साधी मोठी अक्षरं चालतात. रेघ, टिंब, ॲपॉस्ट्रॉफी यांतलं काहीही तिथे टिकत नाही. विमानाचं तिकीट त्याच अक्षरांशी जुळवायचं असतं.

काही लोक ‘आ’ दुप्पट करतात: डी-ए-ए-टी-ई, एम-ए-ए-एन-ई. उच्चाराला मदत होते, शब्दाचा गोंधळही जातो. पण दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, बँकेत तिसरं असं झालं की पुढची काही वर्षं तुम्ही शपथपत्रं करत बसता. रीतसर बदल करायचा तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते, आणि मग एकेक कागद बदलत जायचं. एका स्वरासाठी एवढा व्याप करण्यापेक्षा वाक्य नीट बांधणं स्वस्त पडतं. तान्ह्या बाळाचा जन्मदाखला काढतानाच नवं स्पेलिंग लिहावं असा सल्ला काही जण देतात. मग बाप एका स्पेलिंगचा आणि लेक दुसऱ्या, आणि व्हिसाच्या खिडकीवर दोघांचं नातं सिद्ध करायचं. तेही नकोच.

वाक्य कसं बांधायचं

इथेच खरा इलाज आहे, आणि तो लिहिणाऱ्याच्या हातात आहे. मूळ नियम एकच: असं आडनाव वाक्यात एकटं सोडू नका. त्याच्या आधी काहीतरी हवं, मिस्टर, मिस, डॉक्टर, प्रोफेसर, नाहीतर नाव, नाहीतर आद्याक्षरं.

वाक्याची सुरुवात ही सर्वांत धोक्याची जागा. ‘मोअर सेड लेस वॉज डन’ हे वाक्य घ्या. लिहिणाऱ्याला म्हणायचंय, ‘काम कमी झालं, असं मोरे म्हणाले.’ वाचणाऱ्याला दिसतं, ‘बोलणं जास्त झालं आणि काम कमी.’ मध्ये स्वल्पविराम टाकूनही हे सुटत नाही, उलट दुसरा अर्थ पक्का होतो. आधी ‘मिस्टर’ लावला की क्षणात सुटतं. किंवा क्रम उलटा करा: ‘लेस वॉज डन, सेड मिस्टर मोरे.’ तसंच ‘सेव्ह विल चेक द डेट विथ डेट’. म्हणायचं होतं, सावे दात्यांना विचारून तारीख बघतील. यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरी वाचणाऱ्याने कपाळाला हात लावावा असंच आहे.

मोठ्या अक्षरावर फार भिस्त ठेवू नका. वाक्याच्या मध्यभागी ते काम करतं, म्हणजे मधोमध मोठ्या एमने सुरू होणारा शब्द नाव आहे हे कळतं. पण मथळ्यात सगळेच शब्द मोठ्या अक्षराने सुरू करायची रीत आहे. सरकारी अर्जात सगळंच मोठ्या लिपीत असतं. आणि व्हॉट्सॲपवर तर कुणीच मोठं अक्षर टाकत नाही. कार्यालयाच्या गटावर ‘डेट हॅज बीन पोस्टपोन्ड’ असा निरोप छोट्या अक्षरात आला तर तो दात्यांविषयी नाही हे कळतं, कारण माणूस पुढे ढकलता येत नाही. पण ‘डेट हॅज चेंज्ड’? दाते हल्ली बदललेत, अशी कुजबूज कुणी करू शकतो.

मथळ्यांसाठी माझा आग्रह पूर्ण नावाचा. मेलच्या विषयाच्या ओळीत ‘मोअर डिटेल्स रिक्वायर्ड’ असं लिहिलं, तर मोऱ्यांची माहिती हवी आहे की आणखी माहिती हवी आहे? ‘डिटेल्स ऑफ मिस्टर एस. जी. मोरे’ असं लिहा. चार शब्द वाढले तर वाढू देत.

अनेकवचन आणि मालकी हे दुसरं अडचणीचं ठिकाण. इंग्रजीत घराण्याला मिळून ‘द’ आणि शेवटी एस लावायची पद्धत आहे: जोशी मंडळी म्हणजे ‘द जोशीज’. दात्यांच्या बाबतीत हेच केलं की ‘द डेट्स’, म्हणजे खजूर. लग्नपत्रिकेवर ‘विथ बेस्ट विशेस फ्रॉम द डेट्स’ हे कुणाला हवं असेल असं वाटत नाही. लाडांचे ‘द लॅड्स’, म्हणजे पोरंटोरं. ‘द दाते फॅमिली’, ‘द लाड फॅमिली’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. मोऱ्यांच्या नशिबी मात्र एक मजेदार योगायोग आहे: एम-ओ-आर-ई-एस हा इंग्रजीत समाजाच्या चालीरीती या अर्थाचा शब्द आहे आणि त्याचा उच्चार ‘मोरेझ’च्या जवळ जातो. म्हणजे एकटा मोरे चुकीचा वाचला जातो आणि अख्खं कुटुंब बरोबर.

दारावरच्या पाट्यांचं काय सांगावं! नवीन सोसायट्यांमधून फिरलात तर ‘द पाटील’ आणि पुढे ॲपॉस्ट्रॉफी एस अशी पाटी हमखास दिसते. ॲपॉस्ट्रॉफी एस म्हणजे ‘पाटलांचं’, आणि सुरुवातीला ‘द’ लावल्यामुळे ‘त्या एका पाटलाचं’ असं काहीतरी अर्धवट होतं. इथे पाटील राहतात एवढंच सांगायचं असेल तर ॲपॉस्ट्रॉफी काढा आणि नुसता एस ठेवा. किंवा नुसतं ‘पाटील’ लिहा, देवनागरीत, पोस्टमनला पुरतं. गोव्याच्या किंवा वसईच्या फर्नांडिस कुटुंबाचं आडनाव आधीच एसने संपतं, त्यांचं अनेकवचन ‘फर्नांडिसेस’ होतं, म्हणजे ई-एस जोडायचं. शेट्टींच्या शेवटच्या वायचं आय-ई-एस करू नका. विशेषनामाला तो नियम लागत नाही, नुसता एस जोडा.

‘डियर मिस्टर गणपत’ हे पत्र का येतं

समजा नाव आहे सुनील गणपत मोरे. शाळेच्या पटावर ते ‘मोरे सुनील गणपत’ असं लिहिलं जातं. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवरही आडनाव आधी, तसं तिथे छापलेलंच असतं. आता हीच तीन नावं याच क्रमाने, मध्ये कुठलंही चिन्ह न देता, इंग्रजी अर्जात किंवा मेलच्या नावात गेली की परदेशी माणूस शेवटचं नाव उचलतो आणि सुनीलच्या वडिलांना पत्र लिहितो.

उपाय अगदी साधे. आडनाव आधी लिहायचंच असेल तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्या. इंग्रजीत त्या स्वल्पविरामाचा अर्थ ‘क्रम उलटा केला आहे’ असाच होतो. किंवा आडनाव शेवटी ठेवा आणि ते पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहा. फ्रान्समध्ये आणि आंतरराष्ट्रीय परिषदांच्या यादीत ही रीत सर्रास आहे आणि आपल्यासाठी ती वरदान आहे, कारण मोरे, माने, दाते हे तिथे लगेच नाव म्हणून ओळखू येतात. अर्जात नावासाठी दोनच रकाने असतील तर आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव आणि दुसऱ्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून, पासपोर्टवर जसं असेल तसं.

हा गोंधळ पुढे कमी होणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. चार नावं म्हणजे परदेशी वाचकाला चुकायला आणखी एक जागा. आडनाव मोठ्या अक्षरांत लिहायची सवय आत्ताच लावून घेतलेली बरी.

मान कुठे ठेवायचा

हे दिसायला शिष्टाचाराचं प्रकरण आहे, पण माझ्या मते निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. मराठीत आपण मान क्रियापदात ठेवतो. ‘जोशी आला’ आणि ‘जोशी आले’ यांत आडनाव तेच, पण पहिला जोशी शिपाई किंवा शाळासोबती, दुसरा साहेब किंवा सासरा. त्यामुळे नुसतं आडनाव लिहायला आपल्याला संकोच वाटत नाही. ‘फडणवीस म्हणाले’ यात पुरेसा आदर आहे.

इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. कोणीही आलं तरी ‘केम’च. मग मराठी माणूस अस्वस्थ होतो आणि उरलेला मान कुठेतरी चिकटवायला जागा शोधतो. त्यातून ‘रिस्पेक्टेड मिस्टर पाटील साहेब’, ‘जोशी सरजी’, ‘मिस्टर सुनील सर’ असले जोडाक्षरी सन्मान जन्माला येतात. इंग्रजीत एक सन्मान पुरतो. मिस्टर लावला तर सर नको, सर लावला तर आडनाव नको. आणि मिस्टर आडनावाला लागतो, नावाला नाही. आपल्याकडे सुनीलराव, सुनीताताई असं नावाला मान लावायची प्रथा आहे, म्हणून ‘मिस्टर सुनील’ आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजाच्या कानाला ते वाड्यातल्या धाकट्या मालकाला नोकराने हाक मारावी तसं लागतं.

उलट बाजूही आहे. मराठी कार्यालयात ‘काय मोरे, चहा घेणार?’ ही सलगी आहे. त्याच सवयीने इंग्रजी मेलची सुरुवात ‘डियर मोरे’ अशी केली तर तिकडे ती तुटक वाटते, जुन्या इंग्रजी वसतिगृहशाळेतल्यासारखी. पहिल्या पत्रात ‘डियर मिस्टर मोरे’ लिहा, आणि उत्तराखाली त्यांनी जी सही केली असेल ती पुढच्या पत्रात वापरा. त्यांनी ‘सुनील’ लिहिलं तर तुम्हीही ‘डियर सुनील’.

बातमी किंवा अहवाल लिहिताना एक धोरण ठरवावं लागतं. इंग्रजी वृत्तपत्रांत दोन्ही रिती आहेत: ‘द हिंदू’ दुसऱ्या उल्लेखापासून मिस्टर लावतं, बरीच इतर पत्रं पहिल्यांदा पूर्ण नाव देऊन पुढे नुसतं आडनाव ठेवतात. दोन्ही बरोबर. ज्या अहवालात मोरे, दाते, सावे अशी नावं आहेत तिथे मात्र ‘हिंदू’ची रीत घ्या, आणि एकाला मिस्टर लावला तर सगळ्यांना लावा. नाहीतर मोऱ्यांना मान आणि कुलकर्ण्यांना नाही, असा भलताच वाद निघतो.

यंत्रं काय गोंधळ घालतात

स्पेलिंग तपासणारी सोय इथे काही कामाची नाही. ती ‘कुलकर्णी’खाली लाल रेघ मारते, पण दाते, माने, मोरे तिला बरोबरच वाटतात. एकदा छोट्या अक्षराने सुरू झालेलं ‘मोरे’ ती कधीच पकडणार नाही. वर्डमध्ये शोधताना मोठं-छोटं अक्षर जुळवणारा आणि पूर्ण शब्दच शोधणारा असे दोन्ही पर्याय चालू करा, म्हणजे मोठ्या एमचे मोरे वेगळे काढून तपासता येतात. हे पर्याय बंद ठेवून ‘सगळीकडे बदला’चं बटण दाबू नका. मोऱ्यांना एकगठ्ठा मिस्टर लावायला जाल आणि अहवालात ‘मिस्टर मोअर दॅन फिफ्टी पर्सेंट’ निघेल.

मराठीतून इंग्रजीत यंत्राने भाषांतर करायचं असेल तर वेगळी काळजी. आपलं आडनाव प्रत्यय लागताना रूप बदलतं: पाटील पण पाटलांनी, गोखले पण गोखल्यांचं, खरे पण खऱ्यांना. यंत्राला त्यातून मूळ आडनाव काढता येईलच असं नाही, आणि खरे, काळे, गोरे, वाघ, लांडगे यांची तर विशेषणं आणि जनावरं होऊ शकतात. मराठी वृत्तपत्रांची जुनी युक्ती इथे कामी येते: ‘पाटलांनी सांगितलं’ऐवजी ‘पाटील यांनी सांगितलं’. आडनाव अखंड राहतं. त्याच्या आधी नाव लिहा, ‘सुनील काळे यांनी’, म्हणजे काळा रंग यायची शक्यता बरीच कमी होते. तरी भाषांतर झाल्यावर एकदा नजर फिरवाच.

उच्चारासाठी फोनमध्ये सोय आहे, पण ती फारशी कुणी वापरत नाही. आयफोनच्या आणि गूगलच्या संपर्कयादीत नाव आणि आडनाव यांच्या उच्चाराचे स्वतंत्र रकाने जोडता येतात. दात्यांसाठी तिथे डी-ए-ए-टी-ए-वाय असं काहीतरी लिहून ठेवा. मूळ नाव तसंच राहतं. लिंक्डइनच्या मोबाइल ॲपवर स्वतःच्या नावाचा उच्चार १० सेकंदांपर्यंत ध्वनिमुद्रित करून ठेवता येतो. परदेशी लोकांशी वरचेवर बैठका होत असतील तर हे एवढं कराच. मेलच्या सहीत उच्चार लिहायचा तर मोऱ्यांनी एम-ओ-आर-ए-वाय लिहिणं हा सर्वांत जवळचा मार्ग, फक्त त्या नावाचा वामेसारखा लांबट समुद्री मासा इंग्रजीत आहे. पालेभाजी किंवा रक्तापेक्षा मासा परवडला, विशेषतः कोकणातल्या मोऱ्यांना.

राहिला मेल शोधण्याचा प्रश्न. जीमेलच्या शोधपट्टीत नुसतं ‘मोरे’ रोमनमध्ये टाकलं की जगातली प्रत्येक जाहिरात समोर येते, कारण ‘आणखी वाचा’ सगळ्यांच्याच तळाशी असतं. तिथे मोठ्या-छोट्या अक्षराचा फरकही धरत नाहीत. शब्दाच्या आधी एफ-आर-ओ-एम, मग एकावर एक असे दोन टिंब, आणि मध्ये जागा न सोडता आडनाव लिहा. मग फक्त मोऱ्यांनी पाठवलेले मेल येतात. मोऱ्यांना तुम्ही पाठवलेले हवे असतील तर एफ-आर-ओ-एमच्या जागी टी-ओ. आणि मजकुरात त्यांचा उल्लेख असलेले शोधायचे असतील तर पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका. अर्थात मूळ मेल लिहिताना कुणी पूर्ण नाव लिहिलं असेल तरच ते सापडतील.